पोथीतला त्याग आणि पाण्याखालचे गाव

भीमाशंकराच्या डोंगरात उगम पावलेली भीमा पुणे जिल्हा ओलांडून सोलापूर जिल्ह्यात येते, तेथे माढा तालुक्यातील उजनी गावाजवळ तिच्यावर धरण उभे आहे आणि त्या धरणाच्या फुगवट्याचे, म्हणजे भिंतीच्या मागे नदीपात्राबाहेर चढत गेलेले पाणी करमाळा, इंदापूर, कर्जत आणि दौंड या तालुक्यांपर्यंत पसरलेले आहे. धरणाचे काम १९६६ मध्ये सुरू झाले, १९८० मध्ये ते पूर्ण झाले, आणि सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट, पाणी साठवणाऱ्या या जलाशयाला यशवंत सागर हे नाव मिळाले. या काठावरच्या गावांविषयी जे लिहिले जाते ते बहुधा ऊस, मासेमारी, भिगवणचे रोहित पक्षी आणि पाणीवाटपाचे तंटे यांविषयी असते. त्याखाली दबलेला दुसरा एक इतिहास आहे, तो या गावांच्या वाचनाचा आणि श्रवणाचा: प्रेम, ताटातूट आणि आयुष्यातील अवघड निवड यांविषयीचे, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणून त्याला विचारात पाडणारे वाङ्मय या काठापर्यंत कसे आले, ते कोणी शोधले आणि ते कोणाच्या तोंडून ऐकले गेले, याचा. हा इतिहास तपासताना एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. भीमाकाठच्या जुन्या शोकवाङ्मयात माणूस दुःख भोगतो, पण त्या दुःखाचा निर्णय त्याने स्वतः घेतलेला असतो. धरणाने मात्र येथील हजारो कुटुंबांना असे दुःख दिले की ज्यात निर्णय त्यांचा नव्हताच, आणि या नव्या दुःखाला शोभेल असे पुस्तक जुन्या संचितात सापडण्यासारखे नव्हते.

जुने संचित मात्र लहान नव्हते, आणि त्याचा फार मोठा भाग याच परिसरात घडला. सांगोला तालुक्यातील नाझरे हे श्रीधरस्वामींचे गाव. १६५८ मध्ये जन्मलेल्या आणि १७२९ मध्ये पंढरपुरात देह ठेवलेल्या या कवीने 'हरिविजय' (१७०२), 'रामविजय' (१७०३), 'पांडवप्रताप' (१७१२) आणि 'शिवलीलामृत' (१७१८) हे ओवीबद्ध ग्रंथ लिहिले, आणि पंडितांच्या सभेपेक्षा खेड्यातल्या ओसरीवर त्यांचे राज्य अधिक काळ चालले. यांपैकी 'शिवलीलामृत' बारामतीत पूर्ण झाले, म्हणजे उजनीच्या फुगवट्यापासून फार लांब नाही. चातुर्मासात, म्हणजे आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतच्या चार महिन्यांत, किंवा निदान श्रावणात, गावात पोथी लावण्याची रीत होती. पोथी म्हणजे न शिवलेल्या, लांबट आकाराच्या सुट्या पानांचा ग्रंथ. दोन फळ्यांमध्ये ठेवून तो तांबड्या फडक्यात बांधलेला असे, आणि वाचणारा एक एक पान उचलून वाचून झाल्यावर ते पालथे ठेवीत जाई. एकाने ओवी म्हणायची, दुसऱ्याने तिचा अर्थ चालत्या बोलीत सांगायचा, आणि बाकीच्यांनी ऐकायचे, अशी त्या वाचनाची घडण होती. अक्षरओळख नसलेल्या स्त्री-पुरुषांना ग्रंथ मिळे तो याच वाटेने. शोकाचा ग्रंथ शोधावा लागत नसे. दिनदर्शिकाच तो घेऊन येई.

या पोथ्यांतील दुःख सौम्य नव्हते. 'शिवलीलामृता'च्या चौदाव्या अध्यायातील श्रियाळ राजा आणि चांगुणा राणी यांची कथा हे त्याचे सर्वांत कठोर उदाहरण आहे. अतिथी होऊन आलेला शंकर नरमांस मागतो, तेही राजाच्या एकुलत्या एका मुलाचे, चिलयाचे. आईबाप ते देण्याचे ठरवतात, मुलगाही त्याला तयार होतो, आणि मग अतिथी आणखी एक अट घालतो की मुलाचे मस्तक आईने डोळ्यांत टिपूस न आणता उखळात कांडावे. अन्न वाढल्यावर तोच अतिथी म्हणतो की निपुत्रिकाच्या घरी जेवणार नाही, मुलाला हाक मारा. चांगुणा हाक मारते आणि चिलया धावत येतो. या कथेचा शेवट सुखाचा आहे, म्हणून तिला शोककथा म्हणू नये असे कोणी म्हणेल. परंतु ज्या घरांमध्ये देवी, पटकी आणि दुष्काळ यांनी मुले जात होती त्या घरांतील श्रोत्या बायकांना रडवीत असे ते उखळ, शेवट नव्हे. शेवटाने त्यांना रडण्याची परवानगी दिली, एवढेच. कथेचा खरा भार आईबापांच्या होकारावर आहे. ते नकार देऊ शकले असते, आणि दिला नाही, यातच तिचे भय आणि तिचे मोठेपण दोन्ही सामावलेले आहेत.

त्याच ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात सीमंतिनीची कथा आहे, आणि पुढे जे घडले ते ध्यानात घेता नदीकाठच्या वाचकाने ती पुन्हा वाचावी अशी आहे. सीमंतिनीचा पती चित्रांगद नौकेसह यमुनेत बुडतो. ती वैधव्य पत्करते, पण सोमवारचे व्रत सोडीत नाही. आणि पाण्याखालच्या नागलोकात पोचलेला तो पती पुढे परत येतो. पाण्याने नेलेले पाणीच परत देईल, ही पोथीची हमी आहे. श्रावणी सोमवारी ही कथा ऐकत मोठ्या झालेल्या पिढीलाच पुढे आपली घरे पाण्याखाली जाताना पाहावी लागली.

पुरुषांच्या पोथीला समांतर असा स्त्रियांचा स्वतःचा ग्रंथ होता, तो लिहिलेला नव्हता. पहाटे जात्यावर दळताना रचलेल्या आणि म्हटलेल्या ओव्यांमध्ये सासर-माहेर, भावाची वाट पाहणे, आईच्या मृत्यूनंतर माहेराचे दार परके होणे, हेच विषय पुन्हा पुन्हा येतात. साने गुरुजींनी अशा ओव्या गावोगाव फिरून जमवल्या आणि 'स्त्रीजीवन' या संग्रहात छापल्या; पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइट्विन यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गिरणी आल्यावर जाते कोपऱ्यात गेले आणि त्याबरोबर ही रचनाही मंदावली. उजनीकाठी वीज आणि गिरणी यांचे येणे आणि गावाचे उठणे या गोष्टी थोड्याफार अंतराने घडल्या, त्यामुळे ज्या बायकांनी बुडालेल्या माहेराबद्दल ओवी रचली असती त्यांच्या पुढ्यात त्या वेळी जातेच उरले नव्हते. या काठाच्या वाङ्मयाची ही हानी मोठी आहे आणि ती कोणत्याही सरकारी कागदात आलेली नाही.

या परिसरातील तिसरी परंपरा वारकऱ्यांची. त्र्यंबकेश्वराहून निघणारी निवृत्तिनाथांची पालखी करमाळा तालुक्यातून जेऊर, कंदर या गावांवरून पंढरपूरकडे जाते आणि तुकोबांची पालखी पलीकडच्या तीराने इंदापूरवरून. त्यामुळे संतचरित्रे या गावांना पुस्तकांच्याही आधी पायी चालत भेटली. त्यांपैकी दोन चरित्रे येथे विशेष महत्त्वाची, कारण दोन्हींचा संबंध सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याशी आहे. गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून तिच्याखाली चोखामेळा गेला तो मंगळवेढ्यात. त्याची समाधी पंढरपूरच्या महाद्वारासमोर आहे, म्हणजे ज्या देवळात त्याला शिरता आले नाही त्याच्या बाहेर. त्या देवळाचे दार अस्पृश्य मानलेल्यांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये तेथे उपोषण करावे लागले. दुसरे चरित्र कान्होपात्रेचे. मंगळवेढ्याच्या श्यामा नावाच्या गणिकेची ही मुलगी. आईचा व्यवसाय तिने नाकारला, पंढरीची वाट धरली, आणि बिदरच्या बादशहाने तिला आणण्यासाठी माणसे पाठवली तेव्हा विठ्ठलाच्या पायाशी प्राण सोडला. महिपतींनी १७६२ च्या 'भक्तिविजया'त ही कथा सांगितली आणि पोथ्यांबरोबर ती घरोघर गेली. जन्माने ठरवून दिलेले आयुष्य झुगारण्याची किंमत येथे मृत्यू आहे. दोनशेहून अधिक वर्षांनी याच जिल्ह्यातल्या एका पुस्तकाने हा प्रश्न पुन्हा हाती घेतला. त्याचा विचार पुढे येईल.

एकोणिसाव्या शतकात या ग्रंथांच्या येण्याची वाट बदलली. गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत १८३१ मध्ये शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावर अक्षरे उमटवून छापण्याच्या यंत्रावर, पंचांग छापले. जावजी दादाजी यांचा निर्णयसागर छापखाना १८६९ मध्ये निघाला. आणि या दोन घटनांच्या मध्ये, १८६० मध्ये, लोहमार्ग सोलापूरला पोचला. जी पोथी पूर्वी हाताने उतरवून घ्यावी लागे ती आता पंढरपूरच्या यात्रेत विकत मिळू लागली. त्याच छापखान्यांतून नव्या प्रकारचे दुःखही बाहेर पडू लागले. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' (१८५७) हिंदू विधवांच्या हालांवर लिहिलेले होते, आणि हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो' १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः आली. या कादंबऱ्यांतील विधवा ही पुण्या-मुंबईची गोष्ट होती असे समजण्याचे कारण नाही. आडमार्गाने गरोदर राहिलेल्या विधवांना तीर्थाच्या निमित्ताने पंढरपुरात आणून सोडण्याचे प्रकार इतके होत की त्यांच्यासाठी आणि त्यांच्या मुलांसाठी प्रार्थना समाजाच्या लोकांनी १८७५ मध्ये तेथे आश्रय उभा केला. भीमेच्या वाळवंटाला जे रोज दिसत होते ते पोथीत नव्हते, ते प्रथम कादंबरीने सांगितले. चांगुणेला निदान विचारले गेले होते; आपट्यांच्या कादंबरीतील यमूला कोणी काही विचारीत नाही. मराठी गद्यातील शोकाची खरी सुरुवात या फरकापासून होते.

कादंबरी खेड्यात पोचायला वाचनालय लागते, आणि ते उशिरा आले. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १९१० नंतर आपल्या संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणले आणि लाकडी पेट्यांतून गावोगाव पुस्तके फिरवली. मुंबई इलाख्यात फैजी समितीने १९४० च्या सुमारास ग्रंथालयांचा आराखडा दिला. परंतु खेड्यातील वाचनालयाला नियमित अनुदानाचा आधार मिळाला तो १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानंतर. शासनमान्य ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी प्रतवारी झाली, आणि लहान गावांतील बहुतेक वाचनालये शेवटच्या वर्गात येतात. त्यांचे रूप महाराष्ट्रभर सारखेच असते: ग्रामपंचायतीची किंवा देवळालगतची एक खोली, लोखंडी कपाटे, वृत्तपत्रांचे टेबल, पुस्तकांची दाखलनोंद करण्याचे एक रजिस्टर आणि देवघेवीचे दुसरे. उजनीकाठी या कायद्याला एक विलक्षण योग लाभला. तो झाला तेव्हा धरणाचे काम सुरू होऊन जेमतेम वर्ष लोटले होते, म्हणजे कपाटे ज्या गावठाणांत उभी राहायची त्यांपैकी कित्येक गावठाणांवर बुडीताची रेषा आधीच आखली गेलेली होती.

येथे वाचकाच्या अडचणीचाही विचार केला पाहिजे. पोथीच्या काळात शोकाचा अध्याय कोणता आणि तो कधी ऐकायचा हे ठरलेले होते. वाचनालयात पुस्तके कादंबरी, कथा, कविता, चरित्र, धार्मिक अशी लावलेली असतात. जेथे दशांश पद्धतीचे वर्गीकरण चालते अशा मोठ्या ग्रंथालयांत तर सारे मराठी साहित्य ८९१.४६ या एका क्रमांकाखाली येते आणि त्यात विनोदी कादंबरी व शोकांत कादंबरी शेजारी शेजारी बसतात. कादंबरी दुःखाची आहे हे त्या क्रमांकावरून कळत नाही. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९) ही कादंबरी युद्धाच्या तोंडावर युरोपातून निघालेल्या बोटीवरील चक्रधर आणि ज्यू तरुणी हॅर्टा यांच्या प्रेमाची आणि वियोगाची आहे, हे तिच्या नावावरून कोणाला कळणार? ज्याला असे पुस्तक हवे त्याला ते माणसाकडूनच मिळते, म्हणजे ग्रंथपालाच्या आठवणीतून, मास्तरांच्या शिफारशीतून, किंवा आधी वाचून गेलेल्याने सांगितल्यावरून. साने गुरुजींची 'श्यामची आई' खेड्यापाड्यांत पोचली ती प्रामुख्याने शाळेतील शिक्षकांच्या वाचून दाखवण्यातून. नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलेले आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेले हे पुस्तक रात्रीच्या प्रार्थनेनंतर सांगितलेल्या आठवणींच्या रूपात आहे, त्यामुळे मोठ्याने वाचण्याची सवय असलेल्या गावांना ते जवळचे वाटणे स्वाभाविक होते. छापील पुस्तक आले तरी शोकाची वाट तोंडातून कानाकडेच राहिली.

धरणाचे काम सुरू झाले तेव्हा विस्थापितांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा महाराष्ट्रात नव्हता. तो १९७६ मध्ये, म्हणजे उजनीचे काम सुरू झाल्यावर दहा वर्षांनी, संमत झाला आणि १९८६ मध्ये नव्याने करण्यात आला. तोवर जे चालले ते १८९४ च्या भूसंपादन कायद्याने. त्या कायद्याखाली झालेल्या 'निवाड्या'ला, म्हणजे संपादित मालमत्तेची मोजदाद करून मोबदला ठरवणाऱ्या आदेशाला, या काठच्या विस्थापनाचा पहिला लिखित ग्रंथ म्हणायला हरकत नाही. अशा निवाड्यात गट किंवा सर्व्हे क्रमांक असतो, क्षेत्र आणि आकार असतो, विहीर असेल तर तिचे मूल्य असते, घराची मापे असतात आणि झाडे जातवार मोजलेली असतात. आंब्याचा एक दर, बाभळीचा दुसरा. शोकवाङ्मयाच्या अभ्यासकाने हा कागद नीट वाचला पाहिजे, कारण गेलेल्या वस्तूंची एवढी तपशीलवार यादी कोणत्याही विलापिकेत आढळत नाही. पण तिच्यात होकार-नकाराला जागा नाही. श्रियाळाच्या दारी आलेला अतिथी मागतो; कायदा कळवतो. या दोहोंत जे अंतर आहे तेच जुन्या पोथीतील दुःख आणि बुडीताचे दुःख यांतील अंतर आहे.

पाणी चढले तसे गावे वरच्या अंगाला किंवा दूर नव्या गावठाणांत गेली. केत्तूरसारख्या गावाची नव्या जागी पुन्हा वसाहत झाली आणि मुंबई-सोलापूर लोहमार्गही बुडीत क्षेत्रातून हलवावा लागला. इंदापूर तालुक्यातील जुन्या पळसदेवचे दगडी मंदिर आणि करमाळा तालुक्यातील कुगावचा जुना वाडा हे उन्हाळ्यात साठा फार खाली गेला की उघडे पडतात, आणि तेव्हा ते पाहायला माणसे जातात. त्यांत हौशी प्रवासी असतात तसे आपल्या जुन्या उंबऱ्याचा अदमास घेणारे म्हातारेही असतात. सीमंतिनीच्या पोथीतील हमी येथे अर्धवट खरी होते. पाणी बुडालेले दाखवते, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर परत घेते. ज्यांची शेती गेली त्यांच्यापैकी अनेकांच्या नातलगांची शेती त्याच पाण्यावर बागायत झाली, दुष्काळी सोलापूरला पिण्याचे पाणी मिळाले, ऊस आणि साखर कारखाने आले. त्यामुळे या दुःखाबद्दल मोठ्याने बोलणे हेही अवघड झाले. लाभक्षेत्र आणि बुडीत क्षेत्र एकाच तालुक्यात, कधी एकाच भाऊबंदकीत असल्यावर शोक कोणापाशी करायचा हा प्रश्न उरतोच. याला दुःखच म्हणायचे असे ठामपणे सांगणारे पुस्तक हवे होते.

असे पुस्तक प्रथम धरणाच्या विषयावर आले नाही. १९७० च्या दशकाच्या मध्यावर 'ग्रंथाली' ही वाचक चळवळ सुरू झाली, तिने स्वस्त दरातील पुस्तके शहराबाहेरच्या वाचकापर्यंत नेण्याचा ध्यास घेतला आणि १९७८ मध्ये दया पवार यांचे 'बलुतं', १९८० मध्ये लक्ष्मण माने यांचे 'उपरा' प्रसिद्ध केले. सोलापूर जिल्ह्याचा वाटा यात मोठा आहे. अक्कलकोट तालुक्यातील हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' १९८४ मध्ये आले. आणि १९९४ मध्ये ग्रंथालीनेच प्रसिद्ध केलेले 'कोल्हाट्याचं पोर' हे किशोर शांताबाई काळे यांचे आत्मकथन तर करमाळा तालुक्यातील नेर्ले या गावचे, म्हणजे थेट या काठच्या मुलखातले. आत्मकथन म्हणजे स्वतःच्या आयुष्याबरोबर आपल्या जातीचे आणि वस्तीचे आयुष्य सांगणारे लेखन. आत्मचरित्रात जो यशाचा चढता आलेख अपेक्षित असतो तो त्यात असेलच असे नाही.

काळे ज्या कोल्हाटी समाजात जन्मले त्यात कुटुंबाचा चरितार्थ तमाशात आणि संगीत बारीत, म्हणजे बैठकीच्या गाण्या-नाचाच्या फडात, काम करणाऱ्या मुलींच्या कमाईवर चालत असे. मुलगी वयात आली की एखादा पैसेवाला पैसे मोजून तिच्याशी पहिला संबंध ठेवी, त्याला चिरा उतरवणे म्हणत, आणि त्यानंतर तिला लग्नाची वाट बंद होई. अशा आईच्या मुलाला बापाचे नाव मिळत नसे. काळे यांनी आईचे नाव मधल्या जागी लावले, आणि शाळेच्या दाखल्यावरील ती एक जागा हे त्या पुस्तकाचे मर्मस्थान आहे. त्यांची आई शांताबाई सांभाळण्याचे वचन देणाऱ्या माणसाबरोबर निघून जाते, मूल आजोबांच्या घरी राहते, मार खाते, घरकाम करते, शिकते, आणि पुढे वैद्यकीय शिक्षण घेऊन डॉक्टर होते. या पुस्तकाला केवळ सामाजिक दस्तऐवज म्हणून वाचणे हा त्याच्यावर अन्याय आहे. ते आधी प्रेमाचे पुस्तक आहे. आईने आपल्याला सोडले याचा राग आणि तिला सोडण्यावाचून गत्यंतर नव्हते याची जाण या दोन्ही गोष्टी त्यात शेवटपर्यंत एकत्र नांदतात, आणि लेखक एकीसाठी दुसरीचा बळी देत नाही. चांगुणेच्या कथेत आईने मुलाला देवापुढे दिले आणि मूल परत आले; येथे आईने मुलाला जगण्यासाठी मागे ठेवले, आणि परत येणाऱ्या मुलाला आई पूर्वीची मिळत नाही. कान्होपात्रेने आईचा व्यवसाय नाकारला तेव्हा तिच्यापुढे देऊळ आणि मृत्यू एवढेच होते. काळे यांच्यापुढे शाळा होती. २००७ मध्ये रस्त्यावरील अपघातात त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती. करमाळ्याच्या वाचकाला प्रेम, ताटातूट आणि निवड यांविषयी एकच पुस्तक सुचवायचे झाले तर ते हेच, हे निःशंकपणे म्हणता येते.

धरणग्रस्तांच्या वाट्याला स्वतःचे मोठे पुस्तक आले ते विश्वास पाटील यांच्या 'झाडाझडती' या कादंबरीच्या रूपाने. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या या कादंबरीत धरणासाठी उठवलेल्या गावाची परवड आहे. प्रशासनाचा अनुभव असलेल्या लेखकाने मोजणी, मोबदला, पर्यायी जमीन आणि चकरा यांची यंत्रणा आतून दाखवली, त्यामुळे निवाड्याच्या कोरड्या रकान्यांमागची माणसे प्रथमच दिसू लागली. उजनीकाठच्या विस्थापिताला तिच्यात आपले गाव नावाने सापडत नाही, पण आपल्यावर कोणता अन्याय झाला याची भाषा सापडते, आणि काही वाचकांसाठी तेवढे पुरते. तरीही आत्मकथनाचे काम कादंबरी करू शकत नाही. 'कोल्हाट्याचं पोर' नेर्ल्याचे आहे हे गावाला माहीत आहे. तसे केत्तूरचे, कुगावचे, पळसदेवचे पुस्तक ही वेगळी गोष्ट झाली असती.

याच करमाळा तालुक्यातील जेऊर हे नागराज मंजुळे यांचे गाव. 'उन्हाच्या कटाविरुद्ध' हा कवितासंग्रह लिहिणाऱ्या या कवीने २०१६ मध्ये 'सैराट' हा चित्रपट केला आणि त्याचे पुष्कळसे चित्रण याच तालुक्यात आणि उजनीच्या पाण्याच्या आसपास झाले. जातीची भिंत ओलांडून प्रेम करणारी दोन मुले, घर सोडण्याचा त्यांचा निर्णय आणि त्या निर्णयाची जिवाने चुकवलेली किंमत ही कथा ज्यांनी वाचनालयाची पायरी चढली नव्हती त्यांच्यापर्यंतही पोचली. पोथीला जे एके काळी साधले होते, एकत्र बसून रडणे, ते चित्रपटाला पुन्हा साधले. त्या मुलांच्या मागे दिसणारे विस्तीर्ण पाणी १९८० नंतर जन्मलेल्या पिढीसाठी गावचा निसर्ग आहे, तिच्या आजी-आजोबांसाठी ते बुडालेले शिवार आहे, आणि चित्रपटाच्या विषयात ही दुसरी गोष्ट येण्याचे कारणही नव्हते.

ज्यांनी विशीत जुने गाव सोडले ते आज पासष्टी ओलांडून गेले आहेत. घर उतरवताना कोणते लाकूड बरोबर घेतले, ग्रामदैवत कसे हलवले, मोबदल्याचे पैसे कशात गेले, कोण कोणापासून कायमचे लांब पडले, नव्या गावठाणात शेजार कसा बदलला, या गोष्टी त्यांच्याखेरीज कोणाला सांगता येणार नाहीत, आणि त्या लिहून घेण्यासाठी दूरच्या विद्यापीठाची वाट पाहण्याचेही कारण नाही. पुनर्वसित गावठाणांतल्या वाचनालयांकडे खोली आहे, वही आहे, लिहू शकणारी शाळकरी मुले आहेत आणि चातुर्मासात एकत्र बसून ऐकण्याची जुनी सवय आहे. दाखलनोंदीच्या रजिस्टरात बाहेरून आलेल्या पुस्तकांबरोबर गावात लिहिल्या गेलेल्या एका हस्तलिखिताची नोंद करायला ग्रंथालय अधिनियमाची कोणतीही आडकाठी नाही, आणि हे काम येत्या दहा वर्षांत झाले नाही तर बुडीताचा ग्रंथ म्हणून निवाडा तेवढा शिल्लक राहील.